पेन्सिलीतला देवदूत



ही व्याख्यानमाला एका चित्रकला-शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना वर्षानुवर्षं मुलं बसवणारा, वस्तुचित्राच्या तासाला बाकांमधून हिंडत मुलांच्या रेषा पाहणारा शिक्षक. अशा माणसाच्या नावाने बोलायचं तर विषय पेन्सिलीचा असावा, असं मला वाटलं. म्हणून आज मी तुमच्यासमोर मुख्यतः एकच चित्र ठेवणार आहे.

पडद्यावर दिसतंय ते चित्र पॉल क्ले याचं. साल १९३९. नाव ‘विसराळू देवदूत’. साहित्य म्हणाल तर पेन्सिल, एक कागद आणि तो कागद ज्यावर चिकटवला तो पुठ्ठा. आकार साडेएकोणतीस सेंटिमीटर बाय एकवीस, म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या ए-फोर कागदाएवढा. पडद्यावर तो भिंतीएवढा झालाय, पण कृपा करून मनातल्या मनात त्याला पुन्हा लहान करा. हा कागद मांडीवर घेऊन, मान खाली घालून पाहायच्या मापाचा आहे.

देवदूत आपल्यासमोर आहे, पण आपल्याकडे पाहत नाही. मान कललेली, पापण्या उतरलेल्या. ओठांवर हसू आहे म्हणावं तर हसू, ओशाळेपणा म्हणावं तर ओशाळेपणा. मागे मोठे, टोकदार वळणांचे पंख. दोन्ही हात पुढे आलेत आणि बोटं एकमेकांत अडकलीत. छटा नाही, शेडिंग नाही, पार्श्वभूमी नाही. रेषा इतक्या थोड्या की चिकाटी असेल तर मोजता येतील.

मला सर्वांत जास्त वेळ त्या हातांपाशी थांबावंसं वाटतं. प्रार्थनेला जोडलेले हात असे असतात. आणि बाईंनी कविता म्हणायला उभं केलेल्या, पण दुसरी ओळ आठवत नसलेल्या मुलाचेही हात असेच असतात. क्लेने या दोन मुद्रा वेगळ्या काढलेल्या नाहीत. तेवढ्याच रेषांमध्ये दोन्ही आहेत, आणि कितीही वेळ पाहिलं तरी एक मुद्रा दुसरीला बाजूला सारत नाही. सावली घातली असती, रंग भरला असता, चेहऱ्याला वजन दिलं असतं, तर चित्रकाराला कुठल्यातरी एका बाजूला झुकावं लागलं असतं. नुसती बाह्यरेषा असल्यामुळेच हा देवदूत एकाच वेळी भाविक आणि गोंधळलेला राहू शकतो.

आज मला जे सांगायचं आहे ते इथूनच निघतं. हे चित्र धार्मिक आहे, असं माझं म्हणणं आहे. मनोविश्लेषणाच्या अर्थाने नाही, लाक्षणिक अर्थानेही नाही. धार्मिक या शब्दाचा जो साधा अर्थ आपण घेतो त्या अर्थाने. आणि ही धार्मिकता चित्रकाराच्या श्रद्धेतून आलेली नाही, ती त्याने निवडलेल्या साहित्यातून आणि ते साहित्य रोज वापरण्याच्या रीतीतून आली आहे.

यावर पहिली हरकत लगेच निघते. या चित्रात क्रूस नाही, प्रभामंडळ नाही, बायबलमधली कुठलीही कथा नाही. युरोपच्या ख्रिस्ती चित्रकलेत देवदूत बहुधा कामावर असतात. गॅब्रिएल मरियेला निरोप सांगायला येतो, हातात लिलीचं फूल घेऊन. मायकेलच्या हातात तलवार किंवा तराजू. राफाएल लहानग्या टोबियसला वाटेने सोबत करतो. त्यांना ओळखायचं ते त्यांच्या कामावरून. क्लेच्या देवदूताच्या हातात काहीच नाही, आणि नाव तर सांगतंय की हा विसरलाय. निरोप पोचवणं हेच ज्याचं काम, तो निरोपच विसरला आणि दारात उभा राहिला, तर त्याने काय करावं? परत जाता येत नाही, पुढे बोलता येत नाही. क्लेने त्याला हसण्यावारी नेलं नाही, आणि शिक्षाही केली नाही. नुसतं उभं राहू दिलं. निरोप हरवल्यावरही दारात उभं राहणं, ही विसाव्या शतकातल्या कितीतरी माणसांच्या धार्मिक भावनेची खरी अवस्था होती. ती दाखवायला गॅब्रिएलची लिली उपयोगी पडली नसती.

आता साहित्याकडे येतो. देवदूताचं चित्र आणि मौल्यवान वस्तू यांचं नातं फार जुनं आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकांतल्या इटलीत वेदीवरच्या चित्रांत सोन्याचा वर्ख असे आणि निळा रंग अफगाणिस्तानच्या खाणीतल्या लाजवर्दापासून बनत असे. देवाच्या दरबारातल्या माणसांना पृथ्वीवरचं उत्तमोत्तम द्यायचं, ही भावना आपल्याला परकी नाही. आपण विठोबाला सोन्याचा मुकुट घालतोच. पण त्याच इटलीत दुसरा प्रवाहही होता. फ्रा अँजेलिको हा डॉमिनिकन संन्यासी. त्याने वेदीसाठी सोनं भरपूर वापरलं, आणि फ्लोरेन्सच्या सान मार्को मठात बांधवांच्या खोल्यांमध्ये भित्तिचित्रं काढायची वेळ आली तेव्हा ते बाजूला ठेवलं. तिथल्या एका खोलीत मरियेकडे आलेला देवदूत उघड्या, जवळजवळ रिकाम्या कमानीखाली उभा आहे. ते चित्र लोकांना दाखवायचं नव्हतं. खोलीत राहणाऱ्या एका माणसाने रोज त्याच्यासमोर बसायचं होतं. क्लेची रेखाटनं मला या खोलीच्या शेजारची वाटतात, वेदीच्या नव्हेत.

क्लेचा जन्म १८७९ चा, बर्नजवळच्या म्युन्शनबुखझे गावातला. वडील जर्मन, संगीताचे शिक्षक. आई स्विस, गायनाचं शिक्षण घेतलेली. तो स्वतः उत्तम व्हायोलिन वाजवायचा. लहानपणी आजीने त्याच्या हातात रंगखडू दिले. त्याच्या बालपणीच्या चित्रांत पिवळ्या पंखांचं एक ख्रिस्तबाळ आहे. पुढे १९११ मध्ये त्याने स्वतःच्या कामाची हाताने लिहिलेली सूची सुरू केली, तेव्हा लहानपणची काही निवडक चित्रंही तिच्यात घेतली. तिशी ओलांडलेला चित्रकार आपल्या बालपणीच्या कागदांना क्रमांक देतो, ही गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे. त्या सूचीकडे मी पुन्हा येणार आहे.

पंखांशी त्याची दुसरी गाठ पडली ती युद्धात. १९१६ मध्ये त्याला जर्मन सैन्यात भरती व्हावं लागलं. तो आघाडीवर गेला नाही. म्युनिकजवळ श्लाइसहाइमला विमानांच्या तळावर त्याच्याकडे काम आलं ते विमानांच्या पंखांची रंगरंगोटी करण्याचं. तेव्हाची विमानं लाकडी सांगाड्यावर कापड ताणून बनवत. ते कापड क्लेच्या हाती लागलं आणि त्यावर त्याने चित्रंही काढली. पुढे गेर्स्टहोफेनच्या वैमानिक-शाळेत तो पगाराच्या कचेरीत कारकून होता, आणि शिकाऊ वैमानिक विमानांसकट कोसळताना त्याने पाहिले. माणसाने बनवलेला पंख म्हणजे नेमकं काय, तो कशाचा असतो, किती सहज फाटतो, हे त्याला हाताने माहीत होतं. त्याच्या पुढच्या देवदूतांचे पंख कधीच दिमाखदार नसतात. ते जड असतात, कधी अपुरे, कधी चुकीच्या जागी फुटलेले. मला यात विनोद दिसत नाही. ज्याने ताणलेल्या कापडावर ब्रश फिरवलाय त्याला पंख फुकट मिळत नाहीत हे ठाऊक आहे, असं मला दिसतं.

युद्धानंतर, १९२० मध्ये, त्याने जो देवदूत काढला तो जगभर गाजला: ‘आंगेलुस नोवुस’, म्हणजे नवा देवदूत. त्याची कीर्ती त्याच्या मालकामुळे झाली. वॉल्टर बेन्यामिन या जर्मन-ज्यू विचारवंताने १९२१ मध्ये म्युनिकमध्ये ते चित्र विकत घेतलं आणि आयुष्याच्या अखेरीस, १९४० मध्ये, इतिहासाविषयी लिहिताना त्यात इतिहासाचा देवदूत पाहिला. नाझींपासून पळताना त्याच वर्षी स्पेनच्या सीमेवर त्याने आत्महत्या केली. चित्र वाचलं, त्याच्या मित्राकडे, गेर्शोम शोलेमकडे गेलं, आणि आता जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आहे. बेन्यामिनचं वाचन इतकं समर्थ आहे की त्यानंतर चित्र पाहणं अवघड झालं. लोक त्या कागदासमोर उभे राहून बेन्यामिन वाचतात. मला त्याच्या विचाराविषयी आदर आहे, पण आज मला तो कागदच पाहायचाय.

तो कागद कसा झाला ते पाहा. क्ले एका कागदाला काळा तैलरंग लावायचा, तो अर्धवट सुकला की कार्बन पेपरसारखा कोऱ्या कागदावर पालथा ठेवायचा, वर आपलं रेखाटन ठेवायचा आणि त्याच्या रेषा सुईने गिरवायचा. खाली उमटणारी रेषा थोडी फुटलेली, केसाळ असते, आणि हात जिथे टेकला तिथे काळे डागही येतात. ते डाग तो राहू देई. मग वर जलरंगाचा पातळ हात. बँकेत पावतीपुस्तकात खालच्या पानावर नक्कल उमटते, त्याच तत्त्वाची ही युक्ती. शेवटी तो कागद जाड आधारावर चिकटवायचा. हा आधार काय होता ते जवळपास शंभर वर्षं कोणी नीट पाहिलं नव्हतं. २०१५ मध्ये आर. एच. क्वेटमन या अमेरिकन चित्रकर्तीने शोधून काढलं की देवदूताच्या खाली एक जुनं खोदचित्र आहे: लुकास क्रानाखने रंगवलेल्या मार्टिन ल्यूथरच्या व्यक्तिचित्रावरून फ्रीडरिख म्युलरने एकोणिसाव्या शतकात केलेलं. म्हणजे बेन्यामिन वीस वर्षं ज्या देवदूताकडे पाहत होता, त्याच्या पाठीला धर्मसुधारक ल्यूथर चिकटलेला होता.

या शोधावर हवे तेवढे अर्थ रचता येतात आणि रचले गेलेही आहेत. मी याला जाहीरनामा म्हणणार नाही. जाहीरनामा करायचा असता तर क्लेने तो झाकला नसता. पण तो निव्वळ योगायोग होता असंही मला म्हणवत नाही, कारण कागदाच्या बाबतीत हा माणूस अतिशय काटेकोर होता. मला त्यातून एवढंच घ्यायचंय की क्लेच्या टेबलावर पवित्र आणि अपवित्र साहित्य अशी वाटणी नव्हती. विमानाचं कापड, गोणपाट, वर्तमानपत्र, जाळीचं कापड, प्लास्टर, खळ, जुनी छापील चित्रं, सगळं एकाच मापाने घेतलं जाई. १९३८ चं ‘इन्सुला दुल्कामारा’ हे त्याचं सर्वांत मोठ्या चित्रांपैकी एक. ते गोणपाटावर वर्तमानपत्र चिकटवून त्यावर काढलंय.

आता १९३९ कडे. त्याआधी काय घडलं ते थोडक्यात सांगतो. दहा वर्षं बाउहाउसमध्ये, म्हणजे वायमार आणि डेसाऊ इथल्या त्या प्रसिद्ध कलाशाळेत शिकवल्यावर क्ले ड्यूसेलडोर्फच्या अकादमीत प्राध्यापक झाला. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले, त्याच्या घराची झडती झाली, नोकरी गेली. वर्षअखेरीस तो बायकोबरोबर बर्नला परतला. १९३७ मध्ये म्युनिकच्या ‘भ्रष्ट कला’ प्रदर्शनात त्याची सतरा चित्रं कुचेष्टेसाठी टांगली गेली आणि जर्मनीतल्या सार्वजनिक संग्रहांतून शंभरावर जप्त झाली. वडील जर्मन म्हणून, जन्म स्वित्झर्लंडचा असूनही, तो कागदोपत्री परदेशीच होता. त्याने स्विस नागरिकत्वासाठी अर्ज केला. ते मिळण्याआधीच तो गेला.

१९३५ पासून तो आजारी होता. आजाराचं नाव, स्क्लेरोडर्मा, त्याच्या मृत्यूनंतर ठरलं. या रोगात कातडी घट्ट होत जाते, अन्ननलिका आखडते, फुप्फुसं आणि हृदयही सुटत नाहीत. घास गिळणं अवघड झालेला माणूस. १९३६ मध्ये त्याच्या सूचीत फक्त २५ नोंदी आहेत. १९३७ मध्ये २६४. १९३८ मध्ये ४८९. १९३९ मध्ये १,२५३. दिवसाला तीनहून अधिक. त्यातली मोठी संख्या पेन्सिलीच्या रेखाटनांची आहे, आणि त्याच्या आयुष्यातले बहुतेक देवदूत याच वर्षी आणि पुढच्या अर्ध्या वर्षात आले.

इथे साध्या साहित्याविषयी एक सावधगिरी बाळगायला हवी. आपल्या मराठी मनाला साधेपणा आणि भक्ती यांची जोडी लगेच पटते. तुळशीची माळ, बुक्का, चिपळ्या: आपली सर्वांत खोल धार्मिक परंपरा कमीत कमी खर्चाच्या वस्तूंवर उभी आहे. त्यामुळे क्लेची पेन्सिल पाहून आपण चटकन म्हणू की याने अखेरीस सगळा थाट टाकून दिला. तसं झालेलं नाही. त्याच महिन्यांत तो तैलरंगात आणि खळीच्या रंगात मोठी, जाड काळ्या रेषांची चित्रं करत होता. पेन्सिल हा त्याचा वैराग्याचा हट्ट नव्हता. ती लवकर चालते, सुकायची वाट पाहावी लागत नाही, खुर्चीत बसून हाताळता येते, आणि दमलेल्या संध्याकाळीही हातात राहते. वेळ थोडा असलेल्या माणसाची ही निवड आहे. पेन्सिलीची कांडीही मूळ टंचाईतूनच आली. फ्रान्सला युद्धामुळे इंग्लंडचं चांगलं ग्रॅफाइट मिळेना, म्हणून १७९५ मध्ये काँते या माणसाने निकृष्ट ग्रॅफाइटची पूड मातीत मिसळून भाजली. आपण आज बी, टूबी, फोरबी म्हणतो त्या सगळ्या पेन्सिली त्या मिश्रणाच्या वंशातल्या. माती जितकी जास्त तितकी पेन्सिल कडक.

पण निवड सोयीची होती म्हणून तिचा परिणाम कमी होत नाही. पेन्सिलीची नुसती रेषा काही लपवू शकत नाही. तैलरंगात चूक झाली तर वर थर चढवता येतो. इथे हात अडखळला तर अडखळलेला दिसतो. आणि क्लेच्या देवदूतांचा विषयच अडखळणं हा आहे. त्यांची नावं पाहा: ‘गरीब देवदूत’, ‘अपूर्ण देवदूत’, ‘अजून चाचपडणारा देवदूत’, ‘अजून कुरूप देवदूत’, ‘बालवाडीतला देवदूत’, ‘देवदूतांच्या मंडळात जाण्याआधीची बाहेरची खोली’. कोणीही पोचलेला नाही. माणूसपण सुटत नाही आणि देवदूतपण येत नाही, अशा अवस्थेत ते थांबलेत. एकाच्या कपड्याला खाली छोटी घंटा लटकते आहे. तो चालेल तेव्हा ती वाजत असणार. दुसरा रडतो. त्या चित्राचं नाव ‘ते रडतं’, आणि अश्रूंसाठी क्लेने आणखी वेगळं काहीच केलेलं नाही, डोळ्याखाली तेवढ्याच जाडीच्या, तेवढ्याच काळ्या खुणा. चेहऱ्याला एक वजन, अश्रूंना दुसरं, असं नाही.

सोन्याच्या वर्खात अपूर्ण देवदूत काढता येत नाही. सोनं पूर्णत्वाची ग्वाही देतं, तोच त्याचा गुण. इथे साहित्य आणि विषय एकमेकांना बरोबर मिळतात: पूर्ण चित्र न झालेली रेषा आणि पूर्ण देवदूत न झालेला जीव. आणि त्या जिवाकडे पाहण्यात क्लेची जी अदब आहे, ती मला धार्मिक वाटते. तो आपल्या देवदूतांना घाई करत नाही. त्यांना सुधारत नाही. त्यांची कीवही करत नाही.

आपल्या देशातल्या उडणाऱ्या आकृतींशी तुलना केली तर हे अधिक उमगतं. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात, पाचव्या शतकातल्या वाकाटक काळात, ढगांतून जाणारा इंद्र आणि त्याच्यासोबतचे गंधर्व-अप्सरा रंगवलेल्या आहेत. त्यांना पंख नाहीत. त्यांचं उडणं दिसतं ते दुमडलेल्या पायातून, मागे वाहणाऱ्या अलंकारांतून, कमरेच्या बाकातून. चिखल, भाताचं तूस आणि तंतू यांच्या लेपावर, बरेचसे मातीचेच रंग वापरून, तिथल्या चित्रकाराने निव्वळ रेषेच्या ओघाने शरीराचं वजन काढून घेतलं. क्ले याच्या नेमकं उलट करतो. तो पंख देतो आणि वजन ठेवतो. अजिंठ्याची आकृती पंखांशिवाय उडते, क्लेची पंखांसह जमिनीवर राहते. दोन्हीकडे साहित्य गरीब आहे, दोन्हीकडे काम रेषेचं आहे, आणि दोन्हीकडे धर्मभावना खरी आहे. फक्त एकीत पोचल्याचा आनंद आहे आणि दुसरीत अजून न पोचल्याची लाज. मला दुसरी अधिक जवळची वाटते, हे मी मोकळेपणाने सांगतो.

क्लेच्या या देवदूतांविषयी म्हटलं जातं, आणि पुष्कळदा म्हटलं जातं, की आजारी माणूस मरणाची तयारी करत होता, म्हणून देवदूत. हे वाचन मला अपुरं वाटतं. १९३९ मध्येच त्याने नरकातल्या बागेची चित्रं काढली, प्राणी काढले, विदूषकी चेहरे काढले. १९४० मध्ये ‘आयडोला’ नावाची मालिका केली. तिच्यात एकेकाळचे वादक आणि कलावंत सावल्यांसारखे आहेत. देवदूत या सगळ्या गर्दीत येतात आणि जातात. दुसऱ्या टोकाला त्यांचं झालेलं गोंडस रूप आहे. ‘विसराळू देवदूत’ आज शुभेच्छापत्रांवर, कॅलेंडरांवर, सांत्वनाच्या कार्डांवर सर्रास छापलेला दिसतो. तिथे तो गोड दिसतो, कारण त्याच्याभोवतीचे बाकीचे देवदूत, रडणारे, कुरूप, संशयी, तिथे नसतात. या कागदांना एकमेकांपासून तोडू नये. त्या एका वर्षाच्या हजारावर नोंदींमध्ये ठेवून पाहिलं तरच विसराळूपणाचं खरं वजन कळतं.

आता त्या सूचीविषयी. मला आजच्या व्याख्यानात सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. क्ले प्रत्येक कामाला साल आणि क्रमांक द्यायचा. ‘विसराळू देवदूत’ हे १९३९ सालचं ८८० क्रमांकाचं काम. मोठं तैलचित्र असो वा हाताएवढा कागद, नोंद त्याच वहीत, त्याच क्रमात, साहित्याच्या उल्लेखासह. रेखाटन झालं की कागद पुठ्ठ्यावर चिकटवायचा, खाली पट्टीने सरळ रेघ मारायची आणि रेघेच्या आधाराने आपल्या नीटस अक्षरात साल, क्रमांक, नाव लिहायचं. बर्नच्या किस्टलरवेगवरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, गिळायला त्रास होणाऱ्या, दम लागणाऱ्या साठीच्या माणसाने वर्षभरात अशा बाराशे त्रेपन्न नोंदी केल्या.

आपल्याकडे याला नेम म्हणतात. वारकरी नेम पाळतो तेव्हा त्या दिवशी मनात भाव आहे की नाही हे तो आधी तपासत बसत नाही. नेम झाला की भावाला यायला जागा राहते. क्ले चर्चमध्ये जाणारा माणूस नव्हता, आणि त्याने काय मानलं हे ठरवण्याची मला गरज वाटत नाही. त्याचा नेम मात्र आपल्यासमोर आहे, वहीत, क्रमांकासह. विसरलेल्या देवदूताला त्याने विसरू दिलं नाही, म्हणजे त्याची नोंद केली. जो निरोप हरवला आहे त्याच्या जागी त्याने साल आणि क्रमांक ठेवला. ही कृती लहान आहे, कारकुनी आहे, पण पेन्सिलीच्या रेषेत मला जाणवणारी अदब याच कृतीतून आलेली आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्या कागदाची नोंद होणारच आहे त्यावर हात निष्काळजीपणे फिरत नाही.

क्लेचं काम भारतात येऊन शतक उलटलं. १९२२ च्या डिसेंबरमध्ये कलकत्त्यात इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टने बाउहाउसच्या चित्रकारांचं प्रदर्शन भरवलं, त्यात क्लेची चित्रं होती. मुंबईत त्याचा प्रभाव नंतर आला, बहुतांशी छापील पुस्तकांतून. चित्रकार वासुदेव गायतोंडे हे नागपुरात जन्मलेले, गोव्याच्या कुटुंबातले, जे. जे. कलाशाळेत शिकलेले; १९५० च्या दशकातल्या त्यांच्या कामात क्लेची रेषा आणि क्लेचे रंगांचे चौकोन स्पष्ट दिसतात. पुढे त्यांनी आकृती पूर्ण सोडली आणि रंगाच्या थरांतली शांतता धरली. प्रभाकर बरवे यांनीही क्लेला मनापासून पाहिलं. ‘कोरा कॅनव्हास’ या मराठी पुस्तकाच्या या लेखकाच्या चित्रांत साध्या वस्तू, घड्याळ, पान, लिफाफा, एकमेकांपासून अंतर राखून असतात, तेव्हा त्यांच्यामागे ही ओळख आहे. गायतोंड्यांनी क्लेकडून शांतता घेतली, बरव्यांनी वस्तूंमधलं अंतर घेतलं. चिकटवलेला, रेघ मारलेला, क्रमांक दिलेला कागद मात्र आपल्याकडे फारसा आला नाही. रेखाटन म्हणजे चित्राची पूर्वतयारी, ही समजूत आपल्या कलाशिक्षणात अजून घट्ट आहे. परीक्षेतही पेन्सिल रंग भरण्याआधी वापरायची असते. एका शिक्षकाच्या स्मरणार्थ बोलताना मला हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही: पेन्सिलीने जिथे थांबायचं तिथे चित्र थांबू शकतं. मुलांना हे निदान एकदा दाखवायला हवं.

शेवटी एक तैलचित्र दाखवतो. १९४० च्या वसंतात क्ले उपचारांसाठी दक्षिण स्वित्झर्लंडला गेला आणि २९ जूनला लोकार्नोजवळच्या मुराल्तोमध्ये वारला. सूचीत त्या वर्षाच्या ३६६ नोंदी आहेत. हे चित्र त्यात नाही. त्याला नावही नाही, ‘शेवटचं स्थिरचित्र’ हे इतरांनी पाडलेलं नाव. काळ्या पार्श्वभूमीवर भांडी आहेत, फुलदाण्या आहेत, चंद्रासारखी एक चकती आहे. आणि खाली डावीकडे एक पांढरा कागद आहे, त्यावर देवदूताचं रेखाटन, ‘अजून कुरूप देवदूत’ या कागदाच्या फार जवळचं. चित्रकाराने घरातल्या वस्तू मांडताना त्यात आपला हा कागदही मांडला. नीट पाहा: त्याने देवदूत तैलरंगात रंगवलेला नाही. त्याने तैलरंगात कागद रंगवलाय, ज्यावर देवदूत आहे. कडा आहेत, कागदाचा पांढरेपणा आहे, वरच्या रेषा रेखाटनाच्याच जातीच्या आहेत. रंगाचं सगळं सामर्थ्य हाती असताना त्याने देवदूताला रंगाच्या जगात बढती दिली नाही. त्याला त्याच्या कागदावरच ठेवलं आणि तो कागद फुलदाणीच्या बरोबरीने टेबलाशी मांडला.

 आता दिवे लावायला हरकत नाही. ‘विसराळू देवदूता’च्या मूळ आकाराच्या प्रती बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत, त्या हातात घेऊन पाहा.